घोडा लंगडतोय? खांदा चोळण्याआधी खूर उचलून बघा

मागच्या पावसाळ्यात आमची घोडी चंद्री अचानक पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागली. संध्याकाळी चांगली होती आणि सकाळी बघतो तर पाय टेकवेना. गावात घोडा म्हटलं की सांगणारे दहा जण जमतात, सगळ्यांचं एकच मत पडलं की खांदा धरलाय. मग आठ दिवस खांद्याला तेल, विटेचा शेक, हळद-चुन्याचा लेप सगळं झालं आणि घोडी वाळतच चालली. नवव्या दिवशी नालबंद चाचा दुसऱ्या घोड्याच्या कामाला आले होते, त्यांनी जाता जाता तो पाय उचलला, तळव्यावर हातोडीचं टोक हलकेच वाजवत नेलं आणि एका जागी घोडीने पाय असा हिसकला की चाचा मागे सरकले. दुपारी डॉक्टरांनी तिथेच सुरीने जरासं उघडलं आणि काळा, घाण वासाचा पू बाहेर आला. दुसऱ्या दिवशी घोडी चारी पायांवर उभी. आठ दिवसांत आमच्यापैकी एकानेही तो पाय उचलून खाली काय आहे ते बघितलं नव्हतं, आणि तिने ते आठ दिवस मुकाट सोसलं, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

म्हणून हे लिहितोय. लग्नाची घोडी असू दे, माथेरान-पाचगणीला पर्यटक फिरवणारं तट्टू असू दे नाहीतर सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारातून हौसेने आणलेला मारवाडी जातीचा घोडा असू दे, आपल्याकडे घोड्याचा डॉक्टर गल्लीत मिळत नाही. बहुतेक वेळा फोनवरच सुरुवात होते. आणि फोनवर आपण काय सांगतो, तर "डॉक्टर, घोडा लंगडतोय". कुठला पाय, खुराचा कुठला भाग, गरम आहे का, नाल कधी ठोकली, यातलं एकही वाक्य नाही. पायाच्या भागांची आणि दुखण्यांची नावं आली की आधी आपल्यालाच नीट दिसायला लागतं, सांगणं ही पुढची गोष्ट.

पायाची नावं आधी पक्की करा

सगळ्यात पहिलं, घोड्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो तो खरं तर आपल्या मनगटाच्या जागचा सांधा आहे. मागच्या पायात मध्येच मागे टोक निघालेलं दिसतं तो हॉक, म्हणजे आपली टाच-घोटा. त्याच्या खाली लांब सरळ हाड, मग खालचा गोल सांधा ज्याच्यामागे केसांचा झुपका असतो तो फेटलॉक, फेटलॉक आणि खूर यांच्यामधला तिरका भाग पेस्टर्न, आणि मग खूर. म्हणजे घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आपल्या मधल्या बोटावर, आणि खूर हे त्या बोटाचं नख. चारशे किलोचं जनावर चार नखांवर! आणि त्यातही साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, त्यामुळे पुढचे पाय जास्त दुखावतात, आणि पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याचं दुखणं बहुतेक वेळा खांद्यात नाही तर खाली खुरात निघतं. हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर चंद्रीचे आठ दिवस वाचले असते.

डावा-उजवा सांगताना गोंधळ होतो, कारण आपण घोड्यासमोर उभे असलो की आपला डावा वेगळा. डावा म्हणजे कायम घोड्याचा डावा. रेसकोर्सवर किंवा लष्करात काम केलेली माणसं डाव्या बाजूला निअर आणि उजवीला ऑफ म्हणतात (चढायचं डावीकडून, म्हणून ती जवळची बाजू), त्यामुळे कुणी "ऑफ हाइंड" म्हणालं तर मागचा उजवा.

आता खूर. बाहेरून दिसतो तो कडक भाग म्हणजे वॉल, खुराची भिंत. केस संपतात आणि भिंत सुरू होते ती रेघ म्हणजे कोरोनेट, आणि भिंत तिथून उगवते, आपल्या नखाच्या मुळासारखी. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. म्हणजे पुढच्या टोकाला वरून उगवलेला भाग जमिनीपर्यंत यायला ९ महिने ते वर्ष लागतं, टाचेला उंची कमी म्हणून लवकर. हे ध्यानात ठेवलं की खूर वाचता येतो, कारण भिंतीवरच्या आडव्या रेषा म्हणजे मागच्या वर्षभराचा हिशोब, कधी ताप आला, कधी चारा बदलला, सगळं तिथे उमटतं. रेषा समांतर असतील तर सहसा घाबरायचं कारण नाही, पण पुढे जवळ-जवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या असतील तर लॅमिनायटिस (खुराच्या आतली हाडाची पकड सुटण्याचा रोग, पुढे येईल) होऊन गेला असण्याची शक्यता खूप. बाजारात घोडा घेताना लोक भोवरे बघतात, रंग बघतात, ह्या रेषा कुणी बघत नाही!

भिंतीचा पुढचा भाग टो, दोन्ही बाजू क्वार्टर, मागे टाचा, आणि टाचांच्या वर मागून दिसणारे दोन मऊ गोळे म्हणजे बल्ब.

पाय उचलला की खाली दिसतो तो तळवा, सोल. तो सपाट नाही, मधे जरा खोलगट असायला हवा. मधोमध मागून पुढे निमुळता होत जाणारा रबरासारखा त्रिकोण म्हणजे फ्रॉग, आमचे चाचा त्याला पुतळी म्हणतात. पुतळीच्या दोन्ही अंगाला दोन खोल चरे आणि मागे मधोमध एक उथळ चर, ह्या चरांतच सगळी घाण साचते. भिंत टाचेपाशी वळून आत येते त्या दोन पट्ट्या म्हणजे बार. आणि भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक बारीक फिकट रेघ गोलाकार गेलेली असते, ती व्हाइट लाइन. नाव पांढरी रेघ पण रंग पिवळसर. नालबंदाचं सगळं कौशल्य ह्या रेघेभोवती असतं, खिळा रेघेच्या बाहेर राहिला तर घोड्याला काहीच कळत नाही आणि आत गेला तर जिवंत मांसात गेला.

आतलं जरा समजून घ्या, नाहीतर लॅमिनायटिस कळणार नाही. खुराच्या आत एक हाड असतं, खुराच्याच आकाराचं, त्याला कॉफिन बोन किंवा पेडल बोन म्हणतात. हे हाड तळव्यावर टेकून ठेवलेलं नसतं. ते भिंतीच्या आतल्या बाजूला लटकवलेलं असतं. पुस्तकाच्या पानांसारखे बारीक पापुद्रे, भिंतीचे आणि हाडाकडचे, एकमेकांत अडकलेले असतात, त्यांना लॅमिनी म्हणतात. एका खुरात मोठे पापुद्रे साधारण ५५० ते ६०० आणि त्यातल्या प्रत्येकावर पुन्हा शंभर-दीडशेच्या वर बारीक पापुद्रे. घोड्याचा सगळा भार ह्या पकडीवर. हाडाच्या मागे एक छोटं होडीच्या आकाराचं हाड, नेव्हिक्युलर (आपली "नाव" म्हणजे होडी आणि हा शब्द, दोघं एकाच घराण्यातले), आणि त्याच्यावरून एक जाड दोर गेलेला असतो जो वरून पायाच्या मागून येऊन कॉफिन बोनला खालून चिकटतो, तो डीप फ्लेक्सर टेंडन. टाचेच्या भागात पुतळीच्या वर एक गादी असते, डिजिटल कुशन. पाऊल पडलं की टाच किंचित फाकते, गादी दबते आणि खुरातलं रक्त वर ढकललं जातं. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून, हे लहानपणी ऐकलेलं कोडं खुराच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. एक अपवाद सोडून, तो पुढे येईल.

रोज पाच मिनिटं

पाय उचलायचा कसा हे येत असेल तरी वाचा, कारण घाईत सगळेच चुकतात. खांद्याला लागून, तोंड घोड्याच्या शेपटीकडे करून उभं राहायचं. हात खांद्यापासून खाली फिरवत न्यायचा, एकदम खाली हात घालायचा नाही, फेटलॉकच्या वर मागे शिरा असतात तिथे हलकं दाबायचं आणि "पाय" म्हणायचं. रोज एकच शब्द वापरला की घोडा स्वतःहून पाय देतो. मागच्या पायाला कंबरेपाशी चिकटून उभं राहायचं, हातभर लांब राहून नाही, तिथेच लाथ जोरात बसते.

हूफ पिक, म्हणजे खूर साफ करायचा आकडा, टाचेकडून टोकाकडे चालवायचं, उलटं नाही, म्हणजे हात सुटला तरी पुतळीत टोक घुसत नाही. चरातली घाण काढायची पण खरवडून रक्त काढायचं नाही. साफ झाल्यावर वास घ्या. हो, नाक जवळ नेऊन. शेणाचा वास वेगळा आणि सडल्याचा वेगळा, एकदा घेतला की विसरत नाही.

मग हाताची मागची बाजू चारी खुरांच्या भिंतीवर ठेवून बघायची, एखादा बाकीच्यांपेक्षा गरम आहे का. उन्हात उभ्या घोड्याचे चारी खूर गरम असतात, म्हणून सावलीत आणि एकमेकांशी ताडूनच. आणि ह्याहून महत्त्वाचं म्हणजे डिजिटल पल्स, खुराकडे जाणारी नाडी. फेटलॉकच्या मागच्या बाजूला, आतून आणि बाहेरून, दोन बोटं हलकी टेकवा. निरोगी घोड्याची ही नाडी इतकी मंद असते की सापडायला वेळ लागतो, नाही सापडली तरी ठीक. पण हात लावताच ठण ठण उडत असेल तर खुरात काहीतरी पेटलंय. एकाच पायात उडत असेल तर गळू किंवा खिळा, दोन्ही पुढच्या पायांत उडत असेल तर आधी लॅमिनायटिसचा विचार. घोडा चांगला असताना महिनाभर रोज ही नाडी शोधा, म्हणजे दुखण्याच्या दिवशी फरक हाताला कळेल.

चाल बघणे

जनावर उभं असताना बघा, चालताना बघा, मग दुडकीवर. दुडकी सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यात तिरके पाय (पुढचा डावा आणि मागचा उजवा असे) जोडीने पडतात आणि फरक लपत नाही. कडक सपाट जमीन, सरळ रेषा, आणि दोर ढिला. मोतद्दार दोर तोंडाजवळ घट्ट धरून पळवतो आणि मग डोकं हलतच नाही, काहीच दिसत नाही.

पुढचा पाय दुखत असेल तर डोकं बघायचं. दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, भार कमी व्हावा म्हणून, आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. बरेच जण नेमकं उलटं समजतात, डोकं खाली गेलं तो पाय दुखरा म्हणतात आणि चांगल्या पायावर उपचार सुरू होतात. मागच्या पायासाठी मागून बघा, दोन्ही बाजूंच्या पुठ्ठ्याच्या हाडांपैकी जे जास्त वर-खाली होतंय त्या बाजूचा पाय दुखरा. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं, टापांचा ताल बिघडलेला असतो, दुखऱ्या पायाची टाप हलकी वाजते. मग गोल फिरवून बघा, कडक जमिनीवर लहान गोलात खुराचं दुखणं बहुधा आतल्या बाजूच्या पायात वाढलेलं दिसतं.

किती लंगडतोय हे सांगायला ० ते ५ असं माप आहे, अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेचं, आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. शून्य म्हणजे काही नाही. १ म्हणजे शोधून कधी दिसतं कधी नाही, २ म्हणजे सरळ चालीत दिसत नाही पण गोलात किंवा स्वार बसल्यावर दरवेळी दिसतं, ३ दुडकीवर दरवेळी, ४ साध्या चालीतही उघड, आणि ५ म्हणजे पाय टेकतच नाही. "पाचापैकी चार, पुढचा डावा" एवढं बोललात की डॉक्टरांच्या डोळ्यासमोर घोडा उभा राहतो.

एक करू नका, बघायच्या नादात दहा वेळा पळवू नका. ४ किंवा ५ असेल तर दुडकी मुळीच नको, हाड मोडलेलं असू शकतं.

दुखणी, आणि त्यांना काय म्हणतात

गळू म्हणजे सोल ॲब्सेस. रात्रीत पाय टेकेनासा होतो, खूर गरम, नाडी उडते, कधी पेस्टर्नपर्यंत सूज येते आणि म्हणून लोक वरच बघत बसतात. पू आत कोंडतो आणि खूर काही फुगू शकत नाही, त्यामुळे वेदना भयंकर. उघडायचं काम डॉक्टरांचं किंवा त्यांच्या सांगण्याने नालबंदाचं, हूफ टेस्टर नावाच्या मोठ्या चिमट्याने दाबत नेमकी जागा शोधतात. आपलं काम नंतरचं, सोसेल इतक्या गरम पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून पाय बुडवायचा, कोरडा करून कोंड्याचं पोटीस, वर लहान मुलाचा डायपर आणि त्यावर जाड चिकटपट्टी. डायपर खुराला इतका बरोबर बसतो की दुसरं काही शोधायला नको. नाही उघडलं तर पू स्वतः वाट काढत कोरोनेटला किंवा बल्बला फुटतो. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन! घोड्याला धनुर्वात फार सहज होतो आणि झाला की वाचणं कठीण, त्याचे जंतू लीद-मातीत असतातच. टिटॅनसची लस दिलेली तारीख तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

खिळा घुसलेला दिसला तर हात आपोआप ओढायला जातो. थांबा. डॉक्टर लवकर येऊ शकत असतील तर तसाच राहू द्या, फक्त आणखी आत जाऊ नये म्हणून आजूबाजूला लाकडाचा तुकडा किंवा जाड पट्टी बांधून टेकू द्या. खिळा जागेवर असताना एक्स-रे काढला की तो कशाला लागलाय ते कळतं. ओढावाच लागला तर आधी फोटो, किती आत होता आणि कुठल्या दिशेने गेला होता, आणि भोकाला मार्करने गोल. पुतळीच्या मधल्या भागातून खोल गेलेला खिळा ही खरी इमर्जन्सी, कारण तिथे वर तो टेंडन आणि नेव्हिक्युलर आहे. अशा घोड्याला "बघू उद्या" म्हणू नका.

पुतळी सडणे म्हणजे थ्रश. चरांत काळा, ओला, घाण वासाचा लगदा. कोकणात, माथेरानात, घाटावरच्या पावसात हा ठरलेला, कारण जून ते सप्टेंबर पाय ओल्या लिदीत. सुरुवातीला घोडा लंगडत नाही म्हणून दुर्लक्ष होतं, मधला चर खोल भेगेसारखा झाला की मग दुखतो. उपाय साधा आहे पण रोज करावा लागतो. सुटलेला भाग नालबंदाकडून काढून घ्यायचा, धुऊन पूर्ण कोरडं करायचं, पोव्हिडोन आयोडीन लावायचं, खोल चरात कापसाचा बोळा. मोरचूद बरेच जण वापरतात, चालतो, पण लाल मांस दिसत असेल तिथे नको. फॉर्मॅलिन आणि गाडीचं जळकं ऑइल तर कधीच नको. आणि खालची जागा कोरडी केली नाही तर औषध कितीही लावा. थ्रश समजून महिनोन्महिने औषध चाललंय आणि पुतळी फुलकोबीसारखी पांढरट फुगत चाललीये, हात लावला की रक्त, तर तो कँकर, वेगळा रोग, डॉक्टरांशिवाय जात नाही.

ह्यासोबतच एक गैरसमज, गायी-बैलांना लाळ्या खुरकूत आली की लोक घोड्यालाही तेच झालं म्हणतात. घोड्याला लाळ्या खुरकूत होत नाही. त्याच्या खुरात काही दिसत असेल तर कारण दुसरं आहे, ते शोधा.

व्हाइट लाइन डिसीज किंवा सीडी टो, भिंत आतून पोकळ होत जाते, पांढरट भुरभुरीत चुरा निघतो, बाहेरून टकटक केलं तर पोकळ वाजतं. भेगांची दोन नावं, वर कोरोनेटपासून खाली येणारी सँड क्रॅक आणि खालून वर चढणारी ग्रास क्रॅक. पहिली जास्त वाईट, कारण उगवण्याची जागाच दुखावलेली असते. बाजूला असेल तर क्वार्टर क्रॅक. टाचेच्या कोपऱ्यात बार आणि भिंत यांच्यामधे तळव्याला लालसर-निळा डाग म्हणजे कॉर्न, बहुतेक वेळा नाल लहान बसवल्याने किंवा फार दिवस न काढल्याने.

नेव्हिक्युलरचं दुखणं हळूहळू येतं, दोन्ही पुढच्या पायांत, म्हणून डोकं फारसं हलत नाही, घोडा फक्त आखूड पावलं टाकतो, टाच वाचवायला आधी टोक टेकतो, उभा असताना एक पाय पुढे ठेवून मग दुसरा. मालक म्हणतो आळशी झालाय आणि चाबूक निघतो. तसं करण्याआधी एक्स-रे काढा, कळकळीची विनंती. पेस्टर्नच्या सांध्याभोवती हाड वाढलं तर रिंगबोन, टाचेच्या वर दोन्ही बाजूला दाबल्या तर लवचिक लागणाऱ्या कूर्चा दगडासारख्या झाल्या तर साइडबोन, आणि ती कूर्चा सडून कोरोनेटच्या वर सारखी वाहणारी जखम झाली तर क्विटर.

लॅमिनायटिस, ज्यात जीव जातो

हा भाग सावकाश वाचा. मगाशी सांगितलेली पापुद्र्यांची पकड सुटायला लागते, वरून वजन, खालून टेंडनची ओढ, आणि कॉफिन बोन आतल्या आत फिरतं किंवा खाली बसतं. काही वेळा तळव्यातून बाहेर येतं. कारणं खुरात नसतातच बहुतेक. घोडा रात्री सुटून चंदीच्या पोत्यात तोंड घालून हरभरा-गहू पोटभर खातो, बाराएक तासांत किंवा दोन दिवसांत पाय धरतो. घोडी व्याल्यावर जार तीन तासांत पूर्ण पडला नाही तर विष भिनून होतो, म्हणून जाराची वाट दुसऱ्या दिवसापर्यंत बघायची नाही. मानेवर चरबीची वळी चढलेली लठ्ठ तट्टू आणि रोजचा गूळ, हे तिसरं कारण आणि लग्नसराईत हौसेने सगळे काहीतरी गोड भरवतात. चौथं, एक पाय मोडला की दुसऱ्यावर सगळा भार येऊन त्यात होतो. केंटकी डर्बी ह्या अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतीचा २००६ चा विजेता घोडा बार्बारो असाच गेला, मे महिन्यात मागचा उजवा पाय मोडला, ऑपरेशन झालं, हाड जुळत आलं, आणि लॅमिनायटिसमुळे २९ जानेवारी २००७ ला त्याला कायमचं शांत करावं लागलं. सेक्रेटेरिएटसारखा अमेरिकेतला नावाजलेला शर्यतीचा घोडाही १९८९ मध्ये ह्याच रोगाने गेला. जगातली सगळ्यात चांगली सोय असून.

ओळखायचा कसा? घोडा पुढचे पाय पुढे सरकवून वजन मागे टाचांवर घेऊन उभा, वळायला सांगितलं की अडतो, पाय आलटून पालटून उचलतो, नाडी उडते, पुतळीच्या टोकाच्या पुढे तळव्यावर दाबलं की दुखतं. पोटदुखी समजून लोक त्याला फिरवायला लागतात. हाच तो अपवाद, इथे फिरवायचं नाही. प्रत्येक पावलाला पापुद्रे फाटतात. जिथे आहे तिथे उभा करा किंवा आडवा होऊ द्या, खाली वीतभर वाळू नाहीतर भुसा, चंदी पूर्ण बंद, वाळलेलं गवत आणि पाणी द्या, डॉक्टरांना त्या क्षणी फोन, आणि बर्फ. गुडघ्याच्या खालपर्यंत पाय बर्फाच्या पाण्यात. सुरुवातीलाच, आणि तासभर नाही तर दोन-तीन दिवस सलग. मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या आणा, आइस फॅक्टरीत जा, पण आणा.

वेदनेसाठी स्वतःच्या मनाने इंजेक्शन देऊ नका. डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे, कारण तसं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं संपत आली, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. दुसरी औषधं आहेत, पण किती आणि कुठलं ते डॉक्टर ठरवतील.

नालेबद्दल थोडं

नाल झिजली नाही म्हणून तीन-तीन महिने तशीच ठेवतात. नाल झिजत नसली तरी खूर वाढतो, टोक लांब होतं, टाचा खाली पडतात आणि नाल पुढे सरकून कॉर्न होतो. नाल असेल तर ४ ते ६ आठवड्यांनी, नसेल तर ६ ते ८ आठवड्यांनी खूर तासायचाच. बाजूने बघा, पेस्टर्नची पुढची रेषा आणि खुराची पुढची रेषा एका ओळीत आली पाहिजे, मोडलेली दिसली तर नालबंदाला दाखवा. नालेच्या मापाने खूर कापायचा नाही, खुराच्या मापाने नाल वाकवायची. गरम नाल जास्त वेळ दाबून धरू देऊ नका. नाल ठोकल्याच्या दिवशीच किंवा दोन-चार दिवसांत लंगडला तर खिळा जिवंत भागात गेलाय किंवा त्याला चेपतोय, ती नाल काढायला सांगा, "सवय होईल" ऐकू नका.

माथेरानला पेव्हर ब्लॉक टाकायला घोडेवाल्यांचा विरोध होता तो ह्याचसाठी, लाल मातीत खूर रुततो आणि ओल्या गुळगुळीत ब्लॉकवर लोखंडी नाल घसरते. शहरात डांबरावर चालवताना तीच काळजी घ्या. खूर ठिसूळ असेल तर बायोटिन द्या, मोठ्या घोड्याला दिवसाला २० मिलिग्रॅमच्या आसपास देतात, पण नवीन खूर वरून येईल तेव्हा फरक दिसणार, म्हणजे किमान सहा-नऊ महिने. महिन्यात चमत्कार सांगणाऱ्या डब्यांवर पैसे घालवू नका.

आता फोन

फोन करण्याआधी हे करा. चारी पायांची नाडी, अंगाचा ताप (३७.५ ते ३८.५ सेल्सिअस नॉर्मल), पाय साफ करून तळव्याचा सरळ वरून एक फोटो, बाजूने जमिनीच्या पातळीवर मोबाइल ठेवून एक फोटो, आणि चालताना समोरून-मागून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. आणि मग असं बोला: "डॉक्टर, घोडी, आठ वर्षांची, काल रात्रीपासून पुढचा डावा, पाचापैकी चार. खूर गरम आहे, नाडी त्याच पायात उडते. नाल १२ दिवसांपूर्वी ठोकली. तळव्यात टोकाजवळ डाव्या बाजूला व्हाइट लाइनला काळा ठिपका आहे, तिथे दाबलं की हिसकते. ताप ३८.२. टिटॅनस मार्चमध्ये दिलंय."

चंद्रीच्या वेळी मला यातलं एक वाक्य सांगता आलं नव्हतं. परवा शेजारच्या वाडीतल्या एका मुलाने त्याच्या तट्टाबद्दल मला असाच फोन केला, त्याने ठिपक्याचा फोटो आधीच पाठवला होता. डॉक्टर त्याच संध्याकाळी सुरी घेऊन पोचले, आणि खांद्याला तेल कुणी लावलं नाही.